न शिकवलेली नळी

गुरुवार, ७ सप्टेंबर

पहिला वर्ग झाला. सहा जण आले. मला वाटलं होतं दोघं येतील, म्हणून दोनच चिमटे काढून ठेवले होते. बाकीचे सगळ्यांसमोर खण उपसून शोधावे लागले.

कल्पना डेन्झिलची, माझ्या दुकानमालकाची. व्हेपची, म्हणजे विजेच्या सिगारेटची, तयार कॉइल विकत घेणारं गिऱ्हाईक आज इथे, उद्या समोरच्या दुकानात. पण ज्याला आपण कॉइल वळायला शिकवली तो तारेसाठी, कापसासाठी आपल्याकडेच येणार. कॉलेजात मी दोन वर्षं वायरिंग शिकले आहे, आमच्या घरात सोळाव्या वर्षानंतर वर्गात बसलेली मी पहिलीच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. डेन्झिल सगळ्यांना सांगतात, 'ही आमची प्राध्यापक.' मला ते आवडत नाही, आणि आवडतंही.

तीन मिलिमीटरच्या काडीवर तारेचे सहा वेढे. टाकीतल्या, म्हणजे यंत्रावर बसणाऱ्या वरच्या भागातल्या, दोन खांबांत टोकं कसायची, उरलेली तार कापायची. मग मीटर. मग टेबलावरच्या यंत्रावर तापवून मधला भाग आधी लाल होतो ना ते बघायचं, नसेल तर चिमट्याने दाबायचं. मग कापूस, ना सैल ना गच्च. बॅटरी सगळ्यात शेवटी, आणि तीही माझ्या हातून.

बॅटरीसाठी मी बाबांची पद्धत घेतली. बाबा खाणीत होते, बंद होईपर्यंत. तिथे खाली उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला खिळ्याला टांगायचा आणि वर आल्यावर काढायचा. पाळी संपल्यावर खिळ्यावर बिल्ला दिसला की कोणीतरी खाली राहिलं. मी फळीला सहा खिळे ठोकले. मीटरवर अर्धा ओहम किंवा जास्त दिसेपर्यंत बिल्ला खिळ्यावर आणि बॅटरी माझ्या खिशात. शिवाय वही आहे. आज काय शिकलो ते ज्याने त्याने आपल्या हाताने लिहायचं आणि सही करायची.

पेरॅन नावाचा एक आहे, छपरावर दगडी पाट्या बसवणारा. त्याने विचारलं, घरी असलेल्या यंत्रावर ही टाकी बसेल का. सगळ्यांनाच ती काळजी होती. मी म्हटलं, "घाबरू नका, आटे सगळ्यांचे एकच. कुठलंही डोकं कुठल्याही धडावर बसतं." सगळे हसले. लक्षात राहील असं बोलता आलं म्हणून घरी येईपर्यंत मी खूश होते.

गुरुवार, १४ सप्टेंबर

वेढे किती घ्यायचे हे पेरॅनने आज पुन्हा विचारलं. चौथ्यांदा. त्याच्या कॉइलमध्ये मात्र काही चूक नाही, उलट सगळ्यांत नीट त्याचीच. म्हणजे हाताला समजतं आणि डोक्यात राहत नाही. दोष माझ्या सांगण्यात असणार. पुढच्या वेळी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीन.

वर्गानंतर तो थांबला आणि टेबलावरचे कापसाचे तंतू झाडून दिले. मी म्हटलं, मी करते. तो म्हणाला, करतेस ते माहीत आहे. तरी झाडलं.

मंगळवार, १९ सप्टेंबर

विकायला नळ्या आल्या, साध्या यंत्राऐवजी टाकीखाली लावायच्या.

पितळी, वेलबुट्टी कोरलेल्या, हातात घेतल्या की सोडवत नाहीत अशा. आत काही नाही. बॅटरी घालायची, तळाचं बटण दाबायचं, बॅटरीतली सगळी वीज सरळ कॉइलमध्ये. साध्या यंत्रात एक सर्किटची चकती असते, कॉइल चुकली असेल तर ती नकार देते. नळी कशालाच नकार देत नाही. ज्यांना कळतं त्यांनी वापरावी, त्यांच्या हातात ती चांगलीच चालते. नवशिक्याच्या हातात देऊ नये.

मी एक उलटी करून बघितली. तळाशी भोकं हवीत. बॅटरी बिघडून आत वाफ कोंडली तर तिला वाट हवी. भोकांच्या जागी वेलबुट्टीच कोरलेली आहे. दुसरी बघितली, तिसरी बघितली, खोक्यातल्या बाराही बघितल्या.

डेन्झिलना सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, तुझ्या त्या कॉलेजात साधा दिवासुद्धा धोकादायकच असणार." मग म्हणाले, या गुरुवारी वर्गात नळी शिकव, म्हणजे सहाच्या सहा जण विकत घेतील.

मी नाही म्हटलं.

दुकानात लागल्यापासून त्यांना नाही म्हणण्याची ही पहिलीच वेळ. आवाज चिरका आला. ते चहा करायला गेले. मी तोंडी नीट बोलू शकत नाही म्हणून चिठ्ठी लिहिली: तळाला भोकं नाहीत, नवशिक्यांना विकू नयेत, मी शिकवणार नाही. एक त्यांच्या खणात ठेवली, एक माझ्याकडे. आता वाटतंय 'कृपया' लिहायचं राहिलं.

गुरुवार, २१ सप्टेंबर

वर्गात एकाने कपाटातल्या नळ्यांबद्दल विचारलंच. मी म्हटलं, "त्यांच्याबद्दल या टेबलावर बोलायचं नाही." इतकं ठाम मी कधीच बोलले नव्हते. पुढे कोणी काही विचारलं नाही.

डेन्झिल दारात उभे राहून ऐकत होते.

गुरुवार, २८ सप्टेंबर

आज कापूस बदलणं. पेरॅनने काही विचारलं नाही. निघताना म्हणाला, पुढच्या आठवड्यात तुला काहीतरी दाखवतो. बहुतेक घरी वळलेली कॉइल असेल. फळ्यावर लिहिण्याचा उपयोग झाला म्हणायचा.

बुधवार, ४ ऑक्टोबर

पेरॅनच्या हातात नळी फुटली. सकाळी दहाच्या चहाला तो आणि बाकीचे कामगार छपरावरून खाली उतरले होते, गाडीच्या मागे उभे होते. उजवा हात. ट्रूरोच्या इस्पितळात नेलं आहे. त्याचा मालक दुकानात येऊन सांगून गेला, मला नाही, डेन्झिलना. मी मागच्या खोलीत बाटल्या लावत होते आणि लावतच राहिले. पन्नास बाटल्या लावल्या, चुकीच्या खणात.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

काय झालं ते आता कळलं आहे. इथे सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला स्वतःशीही बदलता येणार नाही.

सोमवारी माझी सुट्टी असते. त्या दिवशी त्याने नळी घेतली. डेन्झिलनी विकली. बुधवारी त्याने वर्गातली, माझ्यासमोर बसवलेली टाकी त्या नळीवर चढवली आणि बटण दाबलं.

साध्या यंत्रात टाकीच्या बुडातली मधली खीळ एका स्प्रिंगवर टेकते, तिच्या बाजूची कडा वेगळी राहते. नळीत स्प्रिंग नाही. बॅटरीचं तोंडच थेट टाकीच्या बुडाला भिडतं. म्हणून नळीवर बसवायच्या डोक्याची मधली खीळ पुढे आलेली हवी. आमच्या वर्गातल्या टाकीची खीळ कडेच्या बरोबरीने सपाट आहे. बॅटरीचं तोंड खिळीला आणि कडेला एकदमच टेकलं. शॉर्ट. बॅटरी तापली, वाफ कोंडली, वाट नव्हती.

पेरॅनची कॉइल बरोबर होती. पाऊण ओहम. त्याने मीटरवर तपासलीसुद्धा होती, त्याच्या मालकाने बघितलं. मी शिकवलं ते सगळं त्याने केलं. आटे सगळ्यांचे एकच, कुठलंही डोकं कुठल्याही धडावर बसतं. बसलं.

मी नळी शिकवायला नाही म्हटलं याचा मला अभिमान वाटत होता. शिकवली असती तर खिळीबद्दल सांगितलं असतं, ती सांगितल्याशिवाय नळी शिकवताच येत नाही. 'शिकवणार नाही' म्हणाले, पण का नाही ते त्या सहा जणांना सांगितलं नाही. चिठ्ठी मालकाला लिहिली, ज्यांचे हात होते त्यांना नाही.

शनिवार, ७ ऑक्टोबर

डेन्झिलनी दुकान अर्धा तास आधी बंद केलं, मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. फार गोड बोलले. म्हणाले, तू झोपली नाहीस, चेहरा बघ तुझा. मग एक टाइप केलेला कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की २१ सप्टेंबरला वर्गात नळ्यांचा धडा झाला, कुठलं डोकं चालतं आणि कुठलं नाही ते सांगितलं, आणि पेरॅन हजर होता. मी खाली सही करायची. आणि वहीत त्या तारखेला पेरॅनच्या चौथ्या ओळीखाली जागा आहे, तिथे पाचवी ओळ घालायची. त्याचं अक्षर शाळकरी आहे, कोणालाही जमेल, असं म्हणाले.

मी म्हटलं, असा धडा झाला नाही.

ते म्हणाले, "व्हायला हवा होता ना? मीच सांगितलं होतं तुला. मग आता होऊ दे." आणि पुढे: "यात तूच सुटतेस, बाळा. नाहीतर लोक म्हणतील, मास्तरीणबाईंनी सांगितलंच नाही आणि पोराचं बोट गेलं."

बोट गेलं हे मला तेव्हा कळलं.

ते म्हणतात ते खरं आहे, मी सुटते. हेच वाईट आहे. कागदावर सही केली तर माझं ते वाक्य कुठेच राहत नाही. चूक फक्त पेरॅनची, सांगूनही न ऐकणाऱ्याची. त्याला नळीच्या कंपनीकडून काही मिळणार नाही, आणि एका हाताने पाट्या बसवता येत नाहीत.

मी सही केली नाही. विचार करते असं म्हणाले. भित्री आहे मी. विचार करण्यासारखं काही नव्हतं, तिथेच सांगायला हवं होतं.

सोमवार, ९ ऑक्टोबर

डेन्झिल घरी आले. बाबांसाठी केशराचा पाव घेऊन. दोघं एकाच शाळेत होते, बाबांची शाळा चौदाव्या वर्षीच सुटली, डेन्झिल शिकत राहिले, आणि अजूनही बाबांशी बोलताना ते मोठ्यांदा आणि सावकाश बोलतात.

म्हणाले, "जॉरी, लेका, तुझी पोर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय. एक सही करायची आहे. समजाव तिला."

बाबांना वाचायला त्रास होतो. त्यांनी मला कागद वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचला. मग त्यांनी वही मागितली आणि पानं उलटत बसले, सह्या बघत. डेन्झिलचा चहा निवला.

शेवटी बाबा म्हणाले, "बिल्ल्यांच्या वहीत खोटं लिहिलं ना डेन्झिल, की खाली कोण राहिलंय ते कळत नाही."

डेन्झिल म्हणाले, मी खाणीबद्दल बोलत नाहीये. बाबा म्हणाले, पाव घेऊन जा, आमच्याकडे आहे. आमच्याकडे नव्हता.

बाबांना मुद्दा कळला नसावा. इतकं महत्त्वाचं चाललेलं असताना ते खाणीच्या आठवणीत गेले. मी समजावून सांगायला हवं होतं, पण त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले ही दुकानात ठेवू नकोस. मग बागेत निघून गेले.

मंगळवार, १० ऑक्टोबर

मी डेन्झिलना सांगितलं की सही करणार नाही. सकाळपासून घोकलेली सहा वाक्यं होती, त्यातलं हे एकच बाहेर आलं. त्यांनी किल्ली मागितली. मी दिली. वही मागितली. मी म्हटलं, नाही.

दुकानाची आहे, ते म्हणाले. वही माझ्या पैशांनी घेतलेली आहे, पण वर्ग त्यांच्या दुकानात झाला, त्यांच्या पगारी वेळेत, तेव्हा त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. बसमध्ये मला चोर असल्यासारखं वाटलं. मग सुचलं की आतले शब्द ज्यांनी लिहिले त्यांचे. घरी येऊन सगळ्यांना फोन केले, तक्रार करायला वही कौन्सिलला दाखवू का म्हणून. पाचही जण हो म्हणाले. त्यातली एक बाई म्हणाली, अगं मला विचारतेस काय, जा की.

सहावा इस्पितळात आहे. त्याला न विचारता नेणार नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

पेरॅनचा हात एवढा मोठा गुंडाळलेला आहे की उशीवर वेगळा ठेवल्यासारखा दिसतो. तर्जनीचं वरचं पेर गेलं. अंगठा राहील म्हणतात.

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. सगळं एका दमात सांगितलं: माझं वाक्य, खीळ, भोकं, चिठ्ठी, आणि मी का शिकवलं नाही ते.

त्याने डाव्या हाताने उशी सरकवली. मग म्हणाला, "माझं बोट गेलंय आणि तू मला तुझं वाक्य सांगायला आलीस."

मी म्हटलं, हो.

"एवढं माहीत होतं तर त्या दिवशी बोलायला काय झालं होतं? 'या टेबलावर बोलायचं नाही' म्हणे. मला वाटलं, ही वरच्या इयत्तेतली गोष्ट आहे. शिकून येऊ आणि दाखवू."

मग तो म्हणाला की डेन्झिल दोनदा येऊन गेले. तुला वर्गात सांगितलं होतं, तू लक्ष दिलं नाहीस, असं त्याला म्हणाले. "मलाही खरं वाटायला लागलं होतं. म्हटलं, सांगितलं असेल तिने. माझं लक्ष कुठे असायचं वर्गात, तुझ्याकडेच तर बघत बसायचो."

म्हणजे फळ्याकडे नाही. मला शंका होतीच, फळा खिडकीच्या उजेडात चकाकतो.

वहीबद्दल विचारलं. "ने," तो म्हणाला. "आणि तुझं वाक्यसुद्धा सांग त्यांना. गाळलंस तर मी सांगेन." मी म्हटलं, गाळणार नाही. तो म्हणाला, "मग आता बस. उभी राहून माझी मान दुखवतेस."

मी दहा मिनिटं बसले.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

कौन्सिलमध्ये ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या बाई आहेत, होस्किंगबाई. चष्मा डोक्यावर ठेवून दुसरा शोधत होत्या. वही बघितली, चिठ्ठीची प्रत बघितली. एक नळी त्यांच्याकडे आधीच आली होती. त्यांनी ती उलटी केली आणि तळाशी बोट फिरवलं, मी फिरवलं होतं तसंच.

मग माझा जबाब टाइप करून त्यांनी मला वाचून दाखवला. आट्यांच्या वाक्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, हे मी विचारलं नव्हतं, तुम्ही आपणहून सांगितलंत. कंपनीचा वकील हेच वाक्य उचलेल आणि म्हणेल की नळीचा दोष नाही, शिकवणीचा आहे. त्याने त्या मुलाचंही नुकसान होऊ शकतं. काढून टाकलं तर खोटं काही उरत नाही. "विचार करा," त्या म्हणाल्या. चांगल्या मनाने म्हणाल्या, ते दिसत होतं.

मी विचार केला. या वेळी खरोखर केला. त्याचं आणखी नुकसान मला नको होतं. पण मालक त्यांच्या सोयीची ओळ वहीत घाल म्हणाले तेव्हा मी नाही म्हटलं. आता माझ्या सोयीची ओळ मी काढली तर माझ्यात आणि त्यांच्यात फक्त एक घालणं आणि एक काढणं एवढाच फरक. आणि पेरॅनला शब्द दिला आहे.

मी म्हटलं, "राहू द्या. सपाट खिळीची टाकी नळीवर बसते हे मी शिकवलं. नळीला भोकं नाहीत हे मालकाला माहीत होतं. दोन्ही वाचू देत त्यांना."

महिन्याभरात सही करण्यासाठी माझ्यापुढे आलेला हा दुसरा कागद. पूर्ण नावाने सही केली, केरेन्सा अ‍ॅन ट्रेगिअर, आणि घाईत तारीख चुकवली. होस्किंगबाईंनी ती खोडून खोडलेल्या जागीही सही घेतली.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

कौन्सिलने नळ्या दुकानाच्या कपाटातून काढायला लावल्या. बाकीचं चालायला महिने लागतील, कदाचित वर्ष, आणि निकाल कुठल्या बाजूने लागेल ते कोणी सांगत नाही. समोरच्या दुकानात कामाचं विचारलं. ते म्हणाले, तू तीच ना. मी म्हटलं, हो, तीच.

वर्गातल्या त्या बाईने रग्बी क्लबची वरची खोली मिळवून दिली आहे. गुरुवारी. माझं मन होत नाही. मी लोकांना परत शिकवायला कोण? पण त्या पाच जणांच्या डोक्यात माझं ते वाक्य अजून तसंच आहे. ते मीच काढायला हवं.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

नऊ जण. पाच जुने, तीन नवे, आणि पेरॅन, हात गळ्यात बांधून, मागच्या रांगेत. नळी मी एका जाणत्याकडून मागून आणली होती, तळाला तीन भोकं असलेली. तिच्या शेजारी वर्गातली जुनी टाकी, खिळीची बाजू वर.

मी तोंड उघडणार तेवढ्यात डेन्झिल दारात. जिना चढल्याने धाप लागली होती. माझ्याशी नाही, खोलीशी बोलले. म्हणाले, "विचारा हिला. हिनेच कौन्सिलला लिहून दिलंय की ही चुकीचं शिकवते. सही आहे तिची. अशा बाईकडून शिकणार तुम्ही?"

नवे तिघं माझ्याकडे बघायला लागले. जुने पायाकडे. मी टेबलाची कड धरली. मला वाटतं मी पुरेशा मोठ्यांदा बोलले नाही, पण मागच्या रांगेला ऐकू गेलं म्हणतात.

मी म्हटलं, "हो, लिहून दिलंय. तेच आज शिकवणार आहे. तुम्हाला बसायचं असेल तर खुर्ची आहे, डेन्झिल. नाहीतर दार लावून घ्या, वाऱ्याने कापूस उडतो."

ते गेले. दार उघडंच ठेवून गेले, मुद्दाम. जिन्यावर त्यांची पावलं थांबली, मग पुढे गेली. कोणी उठलं नाही. मी स्वतः गेले, दार लावलं, कडी घातली, टेबलाशी परत आले आणि टाकी सगळ्यांना दिसेल अशी हातात धरली.

"पहिली चूक माझी," मी म्हटलं. "ही मधली खीळ बघा."